फळ्यावरची नावं



काही जण आत्ताच कर्जत गाडीतून उतरून थेट सभागृहात आलेले दिसतात. बॅग अजून छातीवरच आहे. बसा निवांत, आता ती मांडीवर घ्यायला हरकत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शिक्षक होते, म्हणून संयोजकांनी मला शाळेतलाच विषय दिला. परीक्षेत एखादा विद्यार्थी कॉपी करताना दिसला, तर वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्यानं ते सांगावं का? विषय कळल्यावर मी ओळखीच्या लोकांना विचारत सुटलो. मजा अशी, की एकाच माणसाकडून दोन उत्तरं मिळतात. मोघम विचारलं, की म्हणतात, ‘अर्थात सांगावं, गप्प बसणं म्हणजे साथ देणं.’ आणि ‘तुमच्या मुलीनं सांगावं का?’ असं विचारलं, की लगेच, ‘छे छे, तिला म्हटलंय, तू तुझा पेपर लिही, इकडेतिकडे बघू नकोस.’ म्हणजे सांगावं जरूर, पण शेजारच्यांच्या मुलानं!

या दुसऱ्या उत्तराला हसू नका. त्यात भित्रेपणा आहे, तसं थोडं शहाणपणही आहे. त्यातलं किती काय, ते आज पाहू.

आधी जरा मागे जाऊ. आपण मुलांना प्रामाणिकपणा शिकवतो तो गोष्टींमधून, आणि त्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पहिली टिळकांची. वर्गात शेंगांची टरफलं पडलेली, गुरुजी म्हणतात उचला, आणि छोटा बाळ म्हणतो, मी खाल्ल्या नाहीत, मी उचलणार नाही. दरवर्षी १ ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत एक तरी मुलगा पगडी घालून हे तावातावानं सांगतो. दुसरी गोष्ट गोखल्यांची. घरी करायला दिलेली गणितं एकट्या गोपाळची बरोबर आली, गुरुजी शाबासकी देऊ लागले, आणि पोरगं रडायला लागलं, कारण त्यानं मदत घेतली होती. या दोन्ही गोष्टी सांगोवांगीच्या. तिसरी गांधीजींची, आणि ती त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिली आहे. राजकोटच्या हायस्कुलात जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यातला ‘केटल’ मोहनचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवरचं बघून लिही. मोहनच्या ते डोक्यातच आलं नाही. त्याला वाटलं, मास्तर उभे आहेत ते आम्ही कॉपी करू नये म्हणून!

आता मला सांगा, या तिन्ही गोष्टींत मुलगा दुसऱ्या कुणाचं नाव सांगतो का? शेंगा कुणी खाल्ल्या, हे बाळला ठाऊक नसेल? एकाच वर्गात बसलेला तो. पण तो स्वतःपुरतं बोलतो आणि थांबतो. गोपाळ स्वतःचं सांगतो. मोहन तर इन्स्पेक्टरकडे मास्तरांची तक्रारही करत नाही. उलट त्यांच्याविषयीचा आदर कमी झाला नाही, असं लिहून ठेवतो. आपल्या मनावर सव्वाशे वर्षं हेच कोरलं गेलंय. खोटं करू नको, केलं असलंस तर कबूल कर, आणि दुसऱ्याचं नाव घेऊ नको.

आणि त्याच शाळेत आपण काय करतो? बाई ऑफिसात जाताना मॉनिटरच्या हातात खडू देतात. ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहून ठेव.’ ज्याच्याशी बिनसलंय त्याचं नाव सगळ्यात वर. पुन्हा बोलला की पुढे फुली. आणखी बोलला, आणखी एक फुली. डब्यातली खोबऱ्याची वडी मिळाली की नाव पुसलं जातं. तुमच्यापैकी कितीजणांची नावं पुसली गेली आहेत, हात वर करायला लावत नाही. पण नावं सांगण्याचं शिक्षण आपण देतो ते असं. त्यात गुन्हा क्षुल्लक, साक्षीदार पक्षपाती, चौकशी शून्य, आणि बाई परत आल्या की शिक्षा ताबडतोब. हेच शिक्षण घेतलेल्या मुलाला दहावीच्या मार्चमध्ये आपण अचानक म्हणायचं, बाळ, नागरिक म्हणून तुझं कर्तव्य काय?

तुम्ही म्हणाल, सर, तुम्ही तर कॉपीवाल्यांचे वकील झालात. नाही. कॉपी म्हणजे कुणाचंही नुकसान न करणारी गंमत, असं मी मुळीच म्हणत नाही. एक काळ होता, पास झालो की पेढे वाटायचे. आता अर्ध्या गुणानं ब्रँच बदलते, कॉलेज बदलतं, गाव बदलतं. २०२४ च्या नीटमध्ये ७२० पैकी ७२० घेणारे आधी ६७ जण निघाले, आणि देशभर गदारोळ झाला. त्या दिवसांत इथल्या घराघरांत, दोन वर्षं कल्याणच्या क्लासला लटकत गेलेली मुलं कोपऱ्यात बसून होती. त्यांच्या जागेवर दुसरा कुणी बसतो तेव्हा ती चोरीच असते. पाकीट मारण्यापेक्षा मोठी, कारण पाकीट परत भरता येतं.

म्हणून माझा पहिला मुद्दा असा. ‘कॉपी’ या एका नावाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे भेदरलेल्या पोराच्या बाहीतली मायक्रो झेरॉक्सची घडी. दुसरी म्हणजे धंदा. पेपर फोडणं, डमी बसवणं, उत्तरपत्रिका बदलणं, पैसे घेऊन यादीत नाव घुसवणं. या दोन्हींना एकच न्याय लावणार का?

कायदासुद्धा लावत नाही. आपल्या राज्यात १९८२ पासून परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा आहे. केंद्रानं २०२४ च्या जूनमध्ये नवा अंमलात आणला, तो नीट, जेईई, रेल्वे, बँका अशा मोठ्या परीक्षांसाठी. दहावी-बारावी त्यात येत नाही. या नव्या कायद्यात संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि किमान १ कोटीचा दंड आहे. पण त्याचा रोख परीक्षार्थीवर नाही, बाजार मांडणाऱ्यांवर आहे. उमेदवारानं गडबड केली तर ती परीक्षा घेणारी संस्था आपल्या नियमांनी बघेल. चिठ्ठीवाला आणि दुकानवाला यांच्यात संसदेनं जो फरक केला, तो आपल्याला वर्गात करता येऊ नये?

म्हणून माझं उत्तर सरळ आहे. शेजारच्या बाकावरची चिठ्ठी सांगणं हे विद्यार्थ्याचं कर्तव्य नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर त्याला चुगलखोर म्हणू नये. नाही सांगितलं तर त्याला भागीदारही ठरवू नये. स्वतःचा पेपर झाकावा, मागितलं तर नाही म्हणावं, एवढं त्याच्याकडून हवं, आणि एवढंही सोपं नसतं. रोज एकाच डब्यात, एकाच दाराशी उभं राहून कल्याणपर्यंत जाणाऱ्या चौघांपैकी एकानं दुसऱ्याला ‘नाही दाखवणार’ म्हणणं, हे धैर्य मी कमी समजत नाही. पण धंदा दिसला, म्हणजे सकाळी व्हॉट्सअॅपवर पेपर आला, कुणी इतके पैसे भर म्हणाला, तर सांगायलाच हवं. तिथे मैत्री आड येत नाही. कारण तिथे तुम्ही मित्राचं नाव सांगत नसता, दुकानाचा पत्ता सांगत असता.

आणि विद्यार्थी हे सांगतात, बरं का. आपली मुलं मुकी आहेत असं समजू नका. सरकारी भरतीसाठी ‘महापरीक्षा’ नावाचं पोर्टल होतं. त्याच्या कारभाराविरुद्ध राज्यभर बोंब मारली ती उमेदवारांनीच, गावोगावच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या पोरापोरींनी. मोर्चे काढले, निवेदनं दिली. २०२० च्या फेब्रुवारीत ते पोर्टल बंद करावं लागलं. २०२१ मध्ये आरोग्य खात्याच्या भरतीचा पेपर फुटला, तेव्हाही ओरड आधी उमेदवारांची होती. सरकारी खुलासे मागाहून आले. या मुलांना कुणी चुगलखोर म्हटलं? आपण त्यांना जागरूक म्हटलं, आणि योग्यच म्हटलं.

मग वर्गात काय बिनसतं? ऐकणारा बिनसतो. हा माझा दुसरा मुद्दा, आणि आज मी मुख्यतः हेच सांगायला आलोय.

मी बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षक म्हणून बरीच वर्षं उभा राहिलो. एका केंद्रावरची गोष्ट सांगतो. केंद्राचं नाव सांगणार नाही. पेपर संपला, आम्ही उत्तरपत्रिका मोजून, बारकोडच्या पट्ट्या तपासून गठ्ठे बांधत होतो. एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. हातात पारदर्शक पॅड, त्याला क्लिपमध्ये लावलेलं हॉलतिकीट. आत यायचं की नाही ठरत नव्हतं. शेवटी म्हणाली, ‘सर, एक सांगायचं होतं. माझं नाव नाही ना येणार?’ तिच्या ब्लॉकमध्ये एका मोठ्या माणसानं आत येऊन रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, सगळं सांगितलं होतं. ज्यांना येत होतं त्यांनाही सांगितलं, ज्यांना येत नव्हतं त्यांनाही. केंद्रसंचालकांनी मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तुझा बैठक क्रमांक काय?’

कुठला ब्लॉक, हे नाही विचारलं. कोण आलं होतं, हे नाही विचारलं. तिचा क्रमांक विचारला. मुलीनं हॉलतिकीट पॅडच्या मागे सरकवलं, ‘काही नाही सर’ म्हणाली आणि गेली. आम्ही पुन्हा गठ्ठे बांधायला लागलो. सुतळी, लाख, सील. सगळं नियमानुसार.

त्या मुलीनं सांगायला हवं होतं का, असा प्रश्न आता उरतो का? तिनं सांगितलं होतं. ऐकलं गेलं नाही, एवढंच.

परदेशात याचे मोठे प्रयोग झालेत. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठानं १८९३ साली परीक्षेच्या हॉलमधून पर्यवेक्षक काढूनच टाकले. मुलं शपथ लिहून देत, कॉपी करणार नाही, आणि दिसली तर कळवू. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा नियम त्याहून कडक. खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. म्हणजे ज्यानं पाहून सांगितलं नाही तोही दोषी. काय झालं? १९५१ मध्ये त्याच वेस्ट पॉइंटमध्ये नव्वदच्या आसपास कॅडेट कॉपीच्या प्रकरणात सापडले, त्यात फुटबॉलच्या संघातले कितीतरी होते. १९७६ मध्ये त्याहून मोठं प्रकरण झालं. सांगण्याची सक्ती केली, की मुलं सांगायला शिकतात असं नाही. टोळीनं गप्प बसायलाही शिकतात. एक मात्र मान्य करायला हवं. अशा ठिकाणी निवाड्याला मुलं स्वतः बसतात, आरोपीचं ऐकून घेतलं जातं, प्रक्रिया असते. आपल्याकडे ती प्रक्रिया नाही आणि शपथ तेवढी उचलायची, तर फळ्यावरची नावंच हाती राहतील.

आता जरा अवघड जागी येतो. मुलांनी मुलांविषयी सांगावं, असं म्हणणारे आपण मोठे, एकमेकांविषयी काय सांगतो?

दहावीचे निकाल आठवा. २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा विषयांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, हे मान्य. पण हाकाटी झाली ती गुणांसाठी. पुढच्या वर्षी ते परत दिले आणि निकाल ९५.३० टक्के. तोंडी परीक्षेचे ते २० पैकी १९ आणि २० कसे पडतात, हे या सभागृहात बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला हवं? ती मुलंही जाणतात. कोणती कविता विचारली, हेही अनेकांना आठवत नाही, कारण विचारलीच नव्हती.

दुसरं बघा. अकरावीला प्रवेश एका कॉलेजात, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, आणि हजेरीपटावर तो उपस्थित. याला आपण ‘इंटिग्रेटेड’ असं भारदस्त नाव ठेवलंय. २०१८ मध्ये सरकारनं विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला, तो यासाठीच. प्रकार थांबला का? तुमच्या सोसायटीत विचारा. प्रवेशाच्या वेळी शेजारी वडील बसलेले असतात, चेक तेच फाडतात. सोळा वर्षांच्या मुलाला त्याच टेबलावर कळतं, की कागदावर एक आणि खरं एक, असंही चालतं. मग त्यानं पुढच्या बाकावरची चिठ्ठी कुणाला सांगायची? बाबांना?

आणि टीईटी! शिक्षक होण्याची परीक्षा. २०१९-२० च्या या परीक्षेतला घोटाळा २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुणे पोलिसांच्या हाती लागला, तोही म्हाडाच्या भरतीतल्या पेपरफुटीचा तपास करता करता. परीक्षा परिषदेच्या प्रमुखालाच अटक झाली. पुढे ७,८०० हून अधिक उमेदवार गैरप्रकारात सापडले. इतक्या हजारांनी पैसे मोजले, तर त्यांच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, स्टाफरूमला काहीच ठाऊक नव्हतं? आणि २०२३ मध्ये बुलढाण्यात बारावीच्या गणिताच्या पेपरची पानं वेळेआधी मोबाइलवर फिरली, त्यात शिक्षकांनाच अटक झाली.

याउलट नांदेडचं पाहा. २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीचा चंग बांधला. महसूल, पोलीस, शिक्षण, सगळी खाती कामाला लावली, पालकांच्या सभा घेतल्या, बैठी पथकं खरोखर बसवली. पहिल्या फटक्यात निकाल खाली आला, शिव्याही बसल्या. पण मुलांना अभ्यास करायला लागतो, हे जिल्ह्याला समजलं. त्यात एकाही मुलाला शेजाऱ्यावर पाळत ठेवायला सांगायची गरज पडली नाही. मोठ्यांनी मोठ्यांचं काम केलं. पण २०२५ मध्ये बोर्डानं ठरवलं, की पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेचे असावेत, तेव्हा आमच्याच मंडळींतून विरोधाचा सूर निघाला, आमच्यावर अविश्वास का? मग तो निर्णय पूर्वी गैरप्रकार सापडलेल्या केंद्रांपुरता राहिला. कॉपी पुरवायला खिडकीत चढणाऱ्यांचे फोटो छापून येतात तेव्हा आपण हसतो; दार आतून कुणी उघडं ठेवलं, हे विचारत नाही.

या बदलापुरात उभं राहून ऐकण्या-सांगण्याविषयी बोलायचं आणि इथल्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा २०२४ चा ऑगस्ट टाळायचा, हे मला जमणार नाही. त्या घटनेची आणि कॉपीची तुलना कुणी करू नये, मीही करत नाही. २० ऑगस्टला बदलापूरची माणसं रुळांवर उतरली ती का, हे तुम्हाला सांगण्याचा मला अधिकार नाही. तुम्ही तिथे होतात. फक्त कायद्यातलं एक कलम पुढे ठेवतो. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविषयीचा जो २०१२ चा पोक्सो कायदा आहे, त्यात अशी गोष्ट कळली तर कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. पण त्याच कायद्यानं न कळवल्याच्या शिक्षेतून एका वर्गाला वगळलंय. मुलांना. इतक्या भयंकर गोष्टीतही कायदा म्हणतो, मुलाच्या खांद्यावर हे ओझं टाकू नका, ते मोठ्यानं उचलायचं. मग एका झेरॉक्सच्या घडीसाठी आपण ते मुलावर टाकायला निघालोय?

त्या ऑगस्टनंतर शाळाशाळांत तक्रारपेट्या आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या यांची पुन्हा आठवण करून दिली गेली. पेटी आहे, चांगलं आहे. माझा प्रश्न साधा आहे. ती मुख्याध्यापकांच्या केबिनच्या दारासमोर आहे, की पाणी प्यायच्या नळाशेजारी? चिठ्ठी टाकणारा कुणाकुणाला दिसतो? ती कोण उघडतं, आणि उघडल्यावर सांगणाऱ्याचं अक्षर ओळखत बसतं, की लिहिलेलं तपासतं?

श्रोतेहो, वेळ संपत आला, कार्यकर्ते घड्याळ दाखवतायत. इथे पालक आहेत, त्यांनी घरी गेल्यावर मुलाला ‘सांग किंवा नको सांगू’ असा उपदेश करू नये. एवढंच म्हणावं, की तुला काही दिसलं आणि सांगावंसं वाटलं तर आधी मला सांग, शाळेत मी येईन, नाव माझं लागेल. आणि इथे पुष्कळ शिक्षक आहेत, त्यांना विनंती. फेब्रुवारीत पर्यवेक्षणाची ऑर्डर हातात पडेल. एका ब्लॉकमध्ये पंचवीस मुलं असतात. तीन तास खुर्चीत बसू नका, मोबाइल काढू नका, दारात उभं राहून शेजारच्या ब्लॉकशी गप्पा मारू नका. बाकांच्या रांगांतून चालत राहा. कुणी मोठा माणूस उत्तरं सांगायला आत आला, तर त्याला बाहेर काढा आणि लेखी कळवा, खाली सही तुमची करा. आणि पेपर संपल्यावर एखादं मूल दारात घुटमळताना दिसलं, तर त्याचा बैठक क्रमांक विचारू नका.